सोवळ्याची धाबळी

आई, तुझी धाबळी मी कापली. आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध, आणि कात्री छान चालली. हे माझ्याच तोंडून तुझ्या कानावर जावं म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर तुझा लाडका लेक वर तिकडे तुझ्याकडे आला की तिखटमीठ लावून सांगेल. धाबळी म्हणजे तीच, तांबड्या लोकरीची, जी नेसून तू रोज देवाचा स्वयंपाक करायचीस, जी उंच दांडीवर असायची आणि काठीनेच खाली यायची. ती नेसलेली असताना तुला माझा धक्का लागला म्हणून तू एकदा ऐन थंडीत पुन्हा आंघोळ केली होतीस आणि दिवसभर मला शिंका ऐकवल्या होत्यास.

मिलच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि मागे पडवी. बाबा कागदाच्या मिलमध्ये, आपण महाराष्ट्रातून आलेली माणसं, आजूबाजूला सगळी हिंदी. म्हणूनच असेल, तिकडच्या नातेवाइकांनी जे कधीच सोडून दिलं ते तू इकडे येऊन जास्त घट्ट धरलंस. दर महिन्याला मी पडवीत. घोंगडी वेगळी, ताट वेगळं, पेला वेगळा. बाबांनी हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलेलं. सकाळी मी सिस्टरांच्या तासाला गर्भाशयाची आकृती काढून शाबासकी घेते आणि दुपारी घरी येऊन त्याच गर्भाशयापायी पडवीत बसते. एकटं बसण्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, पुस्तक वाचता यायचं. सोसवत नव्हतं ते दुखणं. कंबरेपासून मांड्यांपर्यंत कुणी पिळा घातल्यासारखं. आणि त्यावरचं जे जे आपल्याकडे होतं ते सगळं स्वयंपाकघरात होतं. ओवा, आलं, गूळ, बडीशेप, गरम पाणी, तवा. ज्या दिवसांत त्यांची गरज, नेमका त्याच दिवसांत त्या खोलीचा उंबरा मला बंद. हे ज्याने ठरवलं त्याचं पोट कधी दुखलं नसणार. तुझं दुखत होतं की नाही ते तू कधी सांगितलं नाहीस.

उन्हाळ्यातली एक दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. भावाने कैऱ्या खाल्ल्या आहेत, त्याचं पोट दुखतंय. तू तव्यावर ओवा भाजतेस, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधतेस, त्याच्या पोटावर फिरवतेस, गार झाली की पुन्हा तव्यावर टेकवतेस. ओव्याचा वास पडवीत येतो. मी गुडघे पोटाशी घेऊन दाराकडे तोंड करून म्हणते, “आई, त्याचं झालं की मला पण दे ना.”

“तुला कशी देऊ? गार झाली की परत तव्यावर ठेवावी लागते. तू शिवलेली पुरचुंडी तव्यावर ठेवू?”

“एकदाच दे. गार झाली की नको परत.”

“आणि मग पुन्हा मागशील. बाईच्या जातीला दुखतंच. दुखण्याची लाज नसावी, पण बोलण्याची असावी.”

सिस्टरांनी मला ‘प्लीज’ म्हणायला शिकवलं होतं, ‘थँक्यू’ म्हणायला शिकवलं होतं. मागूनही मिळालं नाही तर काय म्हणायचं, ते त्यांनी शिकवलं नाही. ते मी पुढे माझं मी शिकले आणि लोक म्हणू लागले, हिची जीभ फार धारदार आहे.

मग घराबाहेर जेवढी ऊब होती तेवढी मी शोधली. पडवीच्या पायरीवरची फरशी उन्हाने तापली होती. तिच्यावर मी पालथी पडले. आधी चटका बसला, मग आतला पिळा सैल पडत गेला. मी डोळे मिटले. तेवढ्यात तू वाळलेले कपडे काढायला आलीस. “पालीसारखी काय चिकटलीस त्या दगडाला? ऊठ, लोकं बघतील.” पोट बरं झालेला तुझा लाडका दारातून खिदळला आणि त्या दिवसापासून मी पाल झाले. माझ्या लग्नात पाल. शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा पाल. रिटायर झाले त्या दिवशीही फोनवर, “काय पाल, आता दिवसभर भिंतीवरच का?” तू कधी त्याला गप्प केलं नाहीस. पदराआड हसायचीस.

शेवटच्या आजारपणात तू धाबळी माझ्या हातात दिलीस. सुनेला टोचते म्हणून तिने नको म्हटलं होतं, हे मला ठाऊक होतं. तू म्हणालीस, “तुझ्या हातून सोवळं कधी झालं नाही. निदान घरात तरी असू दे.” देतानाही बोचकारून दिलंस. मी ती डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. टाकून का दिली नाही, ते यंदा कळलं.

तुझ्या लाडक्याची नात यंदा शिकवणीसाठी माझ्याकडे बऱ्हाणपूरला राहते. गोड पोरगी आहे, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते आणि दोन्ही भरभर. पहिल्याच महिन्यात एका सकाळी ती उठली, आपली चादर गुंडाळली आणि गॅलरीकडे निघाली.

“कुठे गं?”

“बाहर. घरी आजी तिथेच बसवते ना.”

“दुखतंय?”

“बहोत, आत्याआजी. नुसती मरोड उठतेय.”

तिच्या आजीचा, म्हणजे तुझ्या सुनेचा, फोन आलाच. “वन्सं, तेवढं आईंचं पाळा हं.” म्हटलं, पाळते. फोन ठेवला आणि पोरीला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं, देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवलं. आलं ठेचलं, गूळ, ओवा, बडीशेप घालून पाणी उकळलं, पेला तिच्या हातात दिला. शेकायला रबरी पिशवी दिली, पण तिच्यातलं पाणी आधी पोटाला चटके देत होतं आणि मग एकदम गार होत होतं. पोरगी म्हणाली, मोबाईलवर दाखवतात, जाड कापडाच्या पिशवीत गहू भरून गरम करायचे, ऊब टिकते. जाड कापड म्हटल्यावर मला पेटी आठवली.

कात्री चालवता चालवता मला एक गोष्ट सुचली आणि हात तसाच थांबला. आई, तू मला घोंगडीवर का बसवायचीस? सतरंजीवर का नाही? कारण लोकर विटाळत नाही, हे तुझंच शास्त्र. तूच शेजारणीला समजावून सांगताना मी ऐकलं होतं. मग त्या दुपारी ओवा लोकरीच्या तुकड्यात बांधून दिला असतास तर तो माझ्या पोटावरून परत तव्यावर गेला असता, पुन्हा पोटावर आला असता, आणि तुझा धर्म जागचा हलला नसता. वाट तुझ्याच नियमात होती, पडवीतल्या माझ्या घोंगडीएवढी जवळ. तू शोधली नाहीस. रूढीपुढे तुझं काही चाललं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. आता ती सवलत मी काढून घेतली आहे.

इतवाऱ्याच्या बाजारातून आणलेला ओवा आणि गहू भरून मी पिशवी शिवली, मंद आचेवरच्या तव्यावर ठेवली, उलटली, आपल्या मनगटाला लावून पाहिली आणि पोरीच्या ओटीपोटावर ठेवली. गार झाली की तव्यावर, तव्यावरून पोटावर. पाटावर बसल्याबसल्या भिंतीला डोकं टेकून पोरगी झोपली.

पुढच्या महिन्यात तुझा लाडका आला तेव्हाही तिचे तेच दिवस होते. हातात माव्याच्या जिलेबीचा पुडा, दुसरा हात कमरेवर, बसच्या धक्क्यांनी वाकलेला. “काय पाल, चहा टाक.” नात उठली, पोटावरची पिशवी तव्यावर शेकून घेऊन आली. “आबा, कमर धरली का? ही घ्या, मस्त गरम आहे.” त्याने हात पुढे केला आणि काठावरचं तुझं रफू ओळखलं.

“ताई, ही आईची धाबळी?”

कित्येक वर्षांनी मी ताई झाले. म्हटलं, “होती. आत्तापर्यंत तुझ्या नातीच्या पोटावर होती, आणि ही विटाळशी आहे. हवी असेल तर घे. पण घेतलीस तर घरी हिला पुन्हा बाहेर बसवायचं नाही. पिशवी तुझ्या बायकोच्या तव्यावर चढली पाहिजे.”

“ती ऐकेल?”

“सांग तिला, आईची धाबळी आहे, आणि लोकर विटाळत नाही.”

त्याने पुडा खाली ठेवला. मग कण्हत कण्हत, भिंतीचा आधार घेत, फरशीवर पालथा पडला. नातीने पिशवी त्याच्या कमरेवर ठेवली, मागे सरून बघितलं आणि खुदकन हसली.

“आबा, एकदम छिपकली दिसताय!”

देवाशप्पथ, मी तिला काही शिकवलं नव्हतं. तो हसला नाही. मी हसले, आणि पदर तोंडाला लावला नाही.

सुट्टीला पोरगी घरी गेली तेव्हा धाबळीच्या उरलेल्या तुकड्यांची दुसरी पिशवी तिच्या सामानात होती. चार दिवसांनी फोन आला. “आत्याआजी, आजी खूप ओरडली. पण आबांनीच उठून तवा ठेवला.” तुझ्या मुलाने, आई. ज्याला तू कधी पाण्याचा पेला उचलू दिला नाहीस, त्याने.

हा सूड आहे. याला दुसरं गोड नाव मी देणार नाही, आणि तुला माफ केलं असंही लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. कागद घडी घालून पेटीत ठेवते आहे. धाबळीची जागा रिकामीच आहे.

एवढंच सांगायचं राहिलं. धाबळी कापली त्या सकाळी माझी आंघोळ झालेली होती. तरी पेटी उघडायच्या आधी मी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, आणि धाबळी काठीने उचलली.