देण्याघेण्याचं कापड

सर,

एका गंभीर अन्यायाची तक्रार करायची आहे, आणि ती ऐकून घ्यायला मला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं सुचलं नाही. कारण आता तुम्ही मध्येच थांबवून माझे उच्चार सुधारू शकत नाही. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी परवा अकोल्यात तुमच्या तैलचित्राच्या अनावरणाचा कार्यक्रम ठेवला होता. निमंत्रण फोनवर आलं. त्यात तुमचा टायमधला फोटो, समईचं चित्र, हॉटेलचा पत्ता, जेवणाची वेळ, 'मनोगत' या शब्दापुढे माझं नाव, आणि सगळ्यात खाली, कायद्यातल्या पोटकलमासारखं बारीक अक्षरात : 'पोशाख – स्मार्ट कॅज्युअल'. या वयात माणसाला मूळव्याध, गृहकर्ज आणि होऊ घातलेला जावई एवढे त्रास पुरेसे असतात. त्यात ही भर कोणी मागितली होती? मेलेल्या मास्तरचा फोटो बघायला जाताना काय घालावं, या एका प्रश्नावर माझा अख्खा आठवडा गेला. दर आठवड्याला वर्तमानपत्रात जगाची टवाळी करून पोट भरणारा मी, आरशासमोर पॅन्ट हातात धरून उभा होतो आणि घरच्यांनी ती टवाळी व्याजासकट परत केली.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. आपण कपड्यांचा फार विचार केलेला नाही, असं दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "मग नाहीच करत विचार." "तसं नाही हो! विचार करूनच तसं दिसायचं." शर्ट इन करायचा की बाहेर सोडायचा, असं विचारलं तर म्हणाली, समोरून थोडासा खोचा, मागून मोकळा सोडा. आमच्या वेळी मुतारीतून धावत वर्गात आलेलं पोरगं असं दिसायचं आणि तुम्ही त्याला बाकावर उभं करायचात. "शर्टाची पट्टी, पट्ट्याचं बकल आणि पॅन्टची शिवण, तिन्ही एका रेषेत. ज्याची रेष चुकली, त्याचं वाक्यही चुकणार!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "फोटोले हार घालाले जाऊन राहिले, का स्वतःची सोयरीक पाहाले?" तिला कुठं ठाऊक होतं, की मी सूड उगवायला चाललो आहे! आणि सुडाला काय घालून जावं, हे त्या निमंत्रणात लिहिलेलं नव्हतं.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार. मारणाऱ्याला कधी आठवत नाही, म्हणून मार खाणाऱ्याला दोघांचं लक्षात ठेवावं लागतं. तुम्ही मूळचे पुण्याकडचे, पण आमच्या वऱ्हाडातली एक चाल फार लवकर उचललीत. आमच्याकडे लग्नात पाहुण्याला शर्टपीस-पॅन्टपीसचा आहेर करतात. हे कापड शिवायचं नसतं. ते घडीसकट कपाटात ठेवायचं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हाती द्यायचं. आधीच्या घरचं कुंकवाचं बोट त्याला लागलेलं असलं, तर ती बाजू आत दुमडायची. अशी कापडं अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत वर्षानुवर्षं फिरतात, भटजीपेक्षा जास्त लग्नं बघतात आणि त्यांना कधी गुंड्या लागत नाहीत. सगळ्यांना हे माहीत असतं, कोणी बोलत नाही. आमच्या आईनं मात्र ही साखळी तोडली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांना मूर्तिजापूरच्या एका लग्नात एक शर्टपीस मिळाला होता. मोरपंखी रंग, त्यावर बारीक पिवळ्या चौकटी. मी नववीत वक्तृत्वात पहिला आलो, आणि बक्षीस समारंभासाठी आईनं ते कापड सरळ शिवायला टाकलं. आमची चूक झाली ती एवढीच. बाकी गाव ते कापड पुढे ढकलत होतं, आम्हाला ते लागत होतं.

मी स्टेजवर चढतो. माइक तुमच्या हातात. बक्षिसाचा कप देता देता तुम्ही थांबता, माझी बाही चिमटीत धरता आणि मला सभागृहाकडे वळवता. "थांब जरा. हे कापड माझ्या ओळखीचं आहे. अहो, हे तर आमच्याच कपाटातून निघालेलं! मंडळी, हा आहेर आम्ही एका लग्नात दिला होता. गावभर फिरून फिरून शेवटी योग्य खांद्यावर येऊन बसला!" सगळं सभागृह हसलं. ज्यांना विनोद कळायला एरवी दुसरा दिवस उजाडायचा, ते मुख्याध्यापकसुद्धा तेव्हाच्या तेव्हा हसले. कप घेऊन मी खाली उतरलो तोवर माझं नाव बदललं होतं. त्या दिवसापासून मी 'आहेर'. शाळेत आहेर, कॉलेजात आहेर, आणि आजही माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आहेर येऊन राहिला का?' असंच विचारतात.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणे सर?" मी म्हटलं, "माइकवरून शर्टाबद्दल बोलले." त्यात खोटं काहीच नव्हतं. आईचा चेहरा असा उजळला, की पुढचं मी गिळून टाकलं. "म्हटलं नव्हतं मी तुले? कापड चांगलंच हाये!" आणि मग दर रविवारी तुमच्या घरी शिकवणीला निघताना ती तोच शर्ट इस्त्री करून पुढ्यात ठेवायची. "घाल. सरले आवडते तो." दर रविवारी मी तो घालून तुमच्या ओसरीत बसायचो. दर रविवारी काकू आतून दारापर्यंत यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "अहो, पाहा तं खरं, किती खुलून दिसते याले!" तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणायचात, "याला. याले नव्हे, याला. या घरात तरी शुद्ध बोलत चला." पोरं खाली मान घालून फिदीफिदी हसायची. मला वाटायचं, नवरा-बायकोनं वाटून घेतलं आहे. समारंभात तुम्ही, रविवारी काकू. मी दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं आणि मोठा झालो.

म्हणून स्मार्ट कॅज्युअलचा निकाल मी असा लावला : तोच शर्ट घालायचा. मूळ शर्ट कधीच विरून गेला, पण तसंच कापड शोधून शिवायचं, तुमच्या तैलचित्रासमोर उभं राहायचं आणि माइकवरून तुम्हाला सोलायचं. अमरावतीत कापडाच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या भाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "वापराचं दाखवू का देण्याघेण्याचं?" मी म्हटलं, देण्याघेण्याचं. गठ्ठ्याच्या तळाशी एक मोरपंखी निघालं. हुबेहूब नव्हे, पण चुलतभाऊ म्हणावं असं. "हे शिवायचं आहे," म्हटल्यावर भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लग्नातला नारळ तिथेच फोडून खायला निघालो होतो. "दादा, हे काहून शिवता? हे द्याचं कापड हाये!" टेलरमास्तर तर कापड उजेडात धरून म्हणाले, "साहब, शर्ट का है ये, के सोफे का?" मी कोणालाही दाद दिली नाही. मुलीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "बाबा, कमाल! हेच तर आता चालतं." सर, ज्या कापडासाठी तुम्ही मला चारचौघांत उभं सोललं, ते आता चालतं. हे तुम्हाला कळावं म्हणूनही पत्र लिहितो आहे.

इस्त्री मोडू नये म्हणून बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत गाडीत जागा असूनही उभा राहिलो. खिशात भाषण होतं. प्रत्येक वाक्याला धार लावलेली. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी ते मनात म्हणून बघत होतो आणि कुठं थांबायचं, कुठं तुमच्या चित्राकडे बोट करायचं, हेही ठरवत होतो. हॉटेलात शिरलो तर सगळा वर्ग स्मार्ट कॅज्युअलच्या नावाखाली निळा कोट आणि जीन्स घालून उभा. जणू एकाच लग्नातला आहेर सगळ्यांनी शिवला होता. "अबे आहेर! लयच स्मार्ट दिसून राहिला बे! कोन्या ब्रँडचा हाये?" मी त्यांच्यासमोर मोरपंखी छाती काढून उभा, आणि एकाच्याही चेहऱ्यावर ओळख नाही. एकानं तर दुसऱ्याला विचारलं, "पण याले आहेर काहून म्हणतो बे आपण?" तो म्हणाला, "आडनाव असन त्याचं." इतकी वर्षं ज्या हशानं माझी झोप उडवली, तो हसणाऱ्यांनी जेवणाआधीच पचवून टाकला होता. आता भाषण करायचं, तर आधी विनोद समजावून सांगावा लागणार होता. म्हणजे तुमची कोटी मीच पुन्हा करायची, तुमच्याच चित्रासमोर.

मी पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. काकू आता फार वाळल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या शर्टाकडे बघितलं. हात पुढे करून बाही चिमटीत धरली, अगदी तुम्ही धरली होती तशीच, आणि अंगठ्यानं कापड चोळलं. "हे ते नव्हे," त्या म्हणाल्या. "ते मऊ होतं." त्या तुमच्या चित्रावरच्या पडद्याकडे बघत बोलत होत्या. "कारंज्याहून आणलं होतं मी, माहेरी गेली होती तेव्हा. दुकान पालथं घालून निवडलं ह्यायच्यासाठी. ह्यायले ते भडक वाटलं असन. मले म्हणे, टेलरकडे टाकलं. दोन दिवाळ्या मी विचारून राहिली, तुमचा टेलर मेला का? अन् मंग तू स्टेजवर चढला. मी तिथंच बसून होती ना, बायांमध्ये. ह्यायनं माइकवरून सांगतलं तेव्हा मले समजलं, का माझं कापड आहेरात गेलं. कोणी आणलं होतं, हे बी ध्यानात नव्हतं ह्यायच्या."

मी विचारलं, "मग काकू, शिकवणीच्या वेळी दारात येऊन 'खुलून दिसते' म्हणायच्यात, ते?"

"तुले थोडीच म्हणत होती? ह्यायले ऐकवत होती! दिसत तं होतंच खुलून. पण ह्यायचं तोंड पाहाले मजा यायची मले."

सर, म्हणजे सूड तेव्हापासूनच चालू होता. मी त्यातलं हत्यार होतो, मला फक्त कोणी कळवलं नव्हतं. आणि दर रविवारी पुस्तकातून वर न येणारी तुमची मान! मी तिला तुमचा तोरा समजत होतो.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पडदा बाजूला झाला होता. चित्रात तुमचा टाय सरळ होता, शर्टाची पट्टी टायखालीही सरळ असणार. मी खिशातलं भाषण खिशातच ठेवलं आणि म्हणालो, "नववीत माझ्याकडे एक मोरपंखी शर्ट होता. त्याचं कापड काकूंनी कारंज्याहून स्वतः निवडून आणलं होतं. तितकं चांगलं कापड माझ्या अंगाला पुन्हा लागलं नाही. काकू, हे तुम्हाला ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो." एवढं बोलून खाली उतरलो. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना. आयोजक मित्र दात-ओठ खात पुटपुटला, "अबे, सरबद्दल बोल ना!" मी म्हटलं, झालं. तुमच्या तैलचित्राच्या अनावरणाचं मुख्य मनोगत, आणि त्यात तुमचं नाव एकदाही नाही. खिशातल्या भाषणात याहून धारदार एकही वाक्य नव्हतं. काकूंनी पदर सावरला, तुमच्या चित्राकडे बघितलं आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का हो?"

दोन दिवाळ्या जे उत्तर तुम्ही टेलरच्या नावावर लोटलं, ते मी देऊन टाकलं आहे. तुमच्या वतीनं दिलं, पण तुमच्यासाठी नाही. शेवटी शाल, श्रीफळ आणि एका शर्टपीसनं माझा सत्कार झाला. घडी उलगडली तर आत दुमडलेल्या बाजूला कोणाच्या तरी घरचं कुंकवाचं बोट. तो मी आज सकाळी शिवायला टाकला. आमच्या घरात ती रीत आहे.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही लाल शाईनं तपासून परत कराल, आणि काकूंच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढाल. फक्त एक गोष्ट राहिली. हॉटेलात पोचल्यावर मी आधी बाथरूममध्ये गेलो होतो. मुलीनं सांगितल्याप्रमाणे शर्ट समोरून खोचलेला, मागून मोकळा. आरशात बघितलं. दार आतून लावून घेतलं, पट्टा सोडला, शर्ट चारही बाजूंनी नीट इन केला, आणि पट्टी, बकल, शिवण एका रेषेत आणली. नंतर दिवसभरात त्या रेषेकडे कोणी बघितलं नाही. तुम्ही बघितलं असतं.