हातमोजे निघत नाहीत

३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी भाची तुझ्याकडे येऊन महिना झाला नाही तोच तिची तक्रार आली, आणि तीही माझ्या नावाने. मी शिवून दिलेले हातमोजे पहाटे घालताना बरोबर बसतात, आणि तू तीन तास चालवून आणलंस की काही केल्या निघत नाहीत म्हणे. बावीस वर्षं कारखान्यात हातमोजे कापतेय मी. पोटच्या पोरीचं माप माझ्याकडून चुकेल होय?

बोटं फुगतात, मूठ वळत नाही, बुटांच्या नाड्या वाटेत सैल कराव्या लागतात, असं तिने लिहिलंय. मला हे काही बरं वाटत नाही. चालण्याची शर्यत तोंडावर आलीय, त्यामुळे आमची भिंगरी तुझ्यासमोर दुखलं-खुपलं सांगायची नाही. वर्षभर कॉलेज बाजूला ठेवून तिला पाठवली ती केवळ तू आहेस म्हणून. बाप नाही तिला, जो काही धाक आहे तो तुझाच. तेव्हा जरा लक्ष घाल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी छोटी

११ ऑक्टोबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं माप बरोबर आहे, उगाच नाकाला मिरच्या झोंबून घेऊ नकोस. लांब चालताना हातपाय सगळ्यांचेच थोडे सुजतात. अंग तापलं की रक्त कातडीकडे धावतं, त्यात हात तासन्तास खाली लोंबत असतात. मधूनमधून हात वर करून फिरवायचे, मुठी उघडायच्या आणि मिटायच्या. घरी आल्यावर तासाभरात सूज उतरते. बूटही अर्ध्या नंबराने मोठे घेतलेत. तीस वर्षं व्यायाम शिकवतोय, अशी फुगलेली बोटं शेकड्याने पाहिलीत.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. आपले अण्णा म्हणजे वडील कमी आणि शिस्त जास्त. पाण्याने पोट जड होतं म्हणून त्यांनी घोटभर दिलं नाही, आणि सोळाव्या वर्षी मी मैदानातच आडवा झालो. तेव्हाच कानाला खडा लावला. माझ्याकडे दर फेरीला एक बाटली, तहान असो वा नसो. तुझी लेक अर्धी बाटली गुपचूप झाडाला घालते, हे परवा पकडलं. आता माझ्यासमोर संपवायला लावतो.

काळजी करायची तर कारखान्यात वाकून धरलेल्या स्वतःच्या पाठीची कर. आमची माया न मागता मिळतेच.

दादा

२४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. काल तिचंही पत्र आलं. तहान नसताना पाणी प्यावं लागतं, पोटात डचमळतं, परवा तर ओकारी आली, असा पाढा वाचलाय. मामाला सांग म्हणून मलाच गळ घातलीय. मी तिला चांगली कानउघाडणी करणारं पत्र टाकलं. तीस वर्षं जो हेच करतोय त्याला तू काय शिकवणार, असं विचारलं.

सोबत मोठ्या मापाचे हातमोजे पाठवतेय, एक बोट सैल. शर्यतीला मला रजा मिळत नाही. मुकादमाला विचारलं, तर त्याने नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

पोरीला आणि स्वतःला जप. एवढं केलंस की बाकी सगळं पोचलं.

छोटी

२० नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुम्ही घरी गेल्यापासून हे माझं तिसरं पत्र, आधीच्या दोन्हींना तुझं उत्तर नाही. दवाखान्यात आठ दिवस तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून काय झालं ते लिहूनच सांगतो.

शर्यतीत पंधराव्या किलोमीटरला तिने फुगलेले हात दाखवले. मी हसलो आणि हात वर कर म्हणालो. विसाव्याला डोकं ठणकतंय म्हणाली, मग ओकली. मला वाटलं अंगातलं पाणी संपलं. रस्त्याच्या कडेला बसवून मी आणखी दोन बाटल्या पाजल्या. ती तोंड फिरवत होती, मी हनुवटी धरली. मग तिने मला विचारलं की तुम्ही कोण, आणि तिला झटके सुरू झाले.

डॉक्टर म्हणाले, रोजची सूज साधी होती, त्या दिवशीची नव्हती. पाणी इतकं झालं की रक्तातलं मीठ पातळ झालं आणि मेंदूला सूज आली. मी त्यांना विचारलं की शेवटच्या दोन बाटल्या दिल्या नसत्या तर. त्यांनी तिच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

शाळेत राजीनामा दिलाय. तू येऊन माझ्या तोंडात मार, पण बोल. भिंगरीशी एकदा बोलू दे.

आशीर्वाद लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

दादा

२ डिसेंबर

दादास,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. हे उत्तर एकदाच.

भिंगरी आता घरात चालते. घरचा पत्ता सांगताना मध्येच अडते, कपाला खुर्ची म्हणते आणि स्वतःवरच चिडते. सुधारेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. काल कॉलेजचं पुस्तक उघडून बसली होती, तासाभराने पाहिलं तर पान तेच.

तिची पिशवी आवरताना मला माझंच पत्र सापडलं. नीट चौकोनी घडी करून ठेवलेलं. त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, मामा देतो ते मुकाट्याने पी, पुन्हा तक्रार केलीस तर परत बोलावून घेईन. तुझी नजर चुकवून झाडाला पाणी घालणं तिने त्यानंतरच पुरतं सोडलं असणार. तुझ्या बाटल्यांना माझाच हात लागलाय दादा, मला कळतं ते. म्हणूनच तुला माफ करता येत नाही. तुला केलं तर स्वतःलाही करावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

शर्यतीचं तिला काहीच आठवत नाही. आपण मध्येच सोडून दिली आणि म्हणून मामा रागावला, असं ती धरून बसलीय. मामाचं पत्र आलं का, असं रोज विचारते. मी नाही म्हणते. मामा खूप रागावलाय का, असंही विचारते.

त्यावर मी गप्प बसते. तूही गप्प बस.

छोटी