दहा छतांचं टार्गेट

२४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कुठंतरी लिहिलेली असावी.

धाराशिवच्या ऑफिसात यज्ञेश सरांनी फाइल हातात दिली. मी आता आमच्या गावची ऊर्जा-सखी. एकतीस डिसेंबरपर्यंत दहा घरांच्या छतावर सोलर बसवायचं. दहा झाली तर गाव सौरग्रामच्या यादीत आणि माझी नोकरी पक्की. नाही झाली तर गाव यादीबाहेर आणि मी घरी. घरी म्हणजे लातूरचं स्थळ. आई ते दिवाळीपासून थोपवून बसली आहे.

माझा अंदाज: दहा डिसेंबरला काम संपेल. उरलेले दिवस शेजारच्या गावांना मार्गदर्शन.

गाव सोलरसाठीच बांधल्यासारखं आहे. सास्तूरसारखंच, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सगळी छतं सपाट आणि पूर्ण रिकामी. बत्तीस वर्षांत एकानंही वर पाण्याची टाकीसुद्धा ठेवलेली नाही. सगळ्यांच्या टाक्या जमिनीवर. सरांना फोटो दाखवले. म्हणाले, आयडियल.

पहिली लाभार्थी रुद्रम्मा आत्या. आप्पांची थोरली बहीण. भूकंपात सासरचं घर गेलं तेव्हापासून आमच्याकडं. बारा महिने अंगणात झोपते, पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत. विचारलं की म्हणते, आत उकाडतं. सोलर आलं की चोवीस तास पंखा.

तिचे माझ्यावर उपकार आहेत. लहानपणापासून पहाटे साडेतीनला उठवून मला अंगणात अभ्यासाला बसवायची. घरातली पहिली पदवीधर मी झाले ती त्या शिस्तीमुळं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला शिक्षणाची एवढी तळमळ! (भाषणात वापरणे.)

२७ नोव्हेंबर
सहा घरं फिरले. संख्या शून्य. पण तत्त्वतः चार.

शेजारचे हरिबा तात्या म्हणाले, पोराला विचारून सांगतो. पोरगा पुण्यात असतो, फोन उचलत नाही. मथुराकाकू म्हणाल्या, आमच्या छतावर वानरं येतात. माजी सरपंच बलभीमकाका म्हणाले, योजना लई चांगली हाय, आधी बाकीच्यांकडं होऊ द्या. सगळे तत्त्वतः होकार.

एक गोष्ट विशेष. प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला: वजन किती? गावात तांत्रिक जिज्ञासा वाढते आहे.

१ डिसेंबर
लोहाऱ्याहून पत्रकं छापून आणली. जिज्ञासेचा मान राखून वजन सगळ्यात वर, लाल ठळक अक्षरात: ‘पॅनेल, स्टँड आणि सिमेंटचे ठोकळे मिळून फक्त अडीच क्विंटल!’ कार्बनचा मुद्दा खाली घेतला.

दुपारी मथुराकाकूंच्या चुलीजवळ चार पत्रकं दिसली. चारही जपून ठेवली आहेत.

तत्त्वतः चार होते त्यांचे दोन झाले. कारण कळत नाही. बहुतेक रंग लाल नको होता.

५ डिसेंबर
प्रात्यक्षिक. ग्रामपंचायतीच्या छतावर सोयाबीनची पाच कट्टी चढवली, बरोबर अडीच क्विंटल, आणि मी स्वतः वर उभी राहिले. खाली पन्नास माणसं. ओरडून सांगितलं, आत जाऊन बघा, कुठं चीर तरी दिसते का. आत कोणी गेलं नाही. सगळे रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहिले. तिथून नीट दिसत असावं. ग्रामसेवकसुद्धा रजिस्टर काखेत मारून बाहेर आले.

शेवटी मी वर एक उडी मारून दाखवली. बायका किंचाळल्या. हरिबा तात्यांचा आवाज चिरका झाला होता: “उतर खाली, लीले! बापाला एकलीच हैस तू!”

उपस्थिती उत्तम. नोंदणी शून्य.

९ डिसेंबर
सरांचा फोन. किती झाली? मी म्हणाले, दहाच्या दहा पाइपलाइनमध्ये आहेत. फोन ठेवल्यावर शाल गुंडाळून घेतली. थंडी फार आहे यंदा.

आज एकाही घरात गेले नाही. मला येताना बघून बलभीमकाका परसाकडं गेले. दोनदा.

संकल्प: आधी स्वतःचं घर. माणसं भाषण ऐकत नाहीत, उदाहरण बघतात.

१० डिसेंबर
आप्पांची सही घेतली. सहीआधी त्यांनी एकदा वर छताकडं बघितलं. म्हणाले, “तू शिकलीस. तू म्हणतीस तर बराबरच असंल. पण आक्काला एकदा इचार.”

पूर्ण संमती मिळाली.

आत्याला विचारायचं राहिलं. उद्या.

१४ डिसेंबर
आत्याला विचारायचं राहिलं. शेंगा फोडत होती. कामातल्या माणसाला त्रास देऊ नये.

१९ डिसेंबर, वेळा अमावस्या
संख्या: एक!

सणाला अख्खं गाव रानात. मी पोट दुखतंय सांगून घरी थांबले. फिटर परजिल्ह्यातले, त्यांना हा सण माहीतच नाही. तीन तासांत काम झालं. वर ठोकळे ठेवताना खाली थोडा आवाज यायचा. एकदा माझ्या खांद्यावर चुन्याची पापडी पडली. लगेच झाडून घेतलं.

पाच वाजता आत्या आली. डोक्यावर आंबिलीचं मडकं, हातात डबा. माझं पोट दुखतंय म्हणून सणाची भज्जीची भाजी वेगळी काढली होती, कमी तिखटाची. अंगणात थांबली. वर बघितलं. खूप वेळ बघितलं. मी पंख्याबद्दल सांगितलं. डबा उंबऱ्यावर ठेवला तिनं. उंबरा ओलांडला नाही.

अती आनंद झाला की माणसं गप्प होतात, असं कुठंतरी वाचलं आहे.

२१ डिसेंबर
आत्यानं चूल अंगणात मांडली. आप्पा कालपासून पडवीत झोपतात. म्हणतात, खोकला हाय, तुम्हाला तरास नको. आई त्यांना औषध द्यायला पडवीतच असते. खोकला मला ऐकू आला नाही.

घरात मी एकटी. पंखा उत्तम चालतो.

पहाटे तीनपासून आत्या दारातून हाका मारते. लीले, बाहेर ये. लीले, जागी हैस का. मी आतून सांगितलं, आत्या, डिग्री मिळाली, अभ्यास संपला आता. तरी हाका थांबत नाहीत.

२३ डिसेंबर
आज आत्याला विचारलं. दहा डिसेंबरला विचारायला हवं होतं. नाही, चोवीस नोव्हेंबरलाच.

ती ज्वारी निवडत बोलत होती, सुपातून मान वर न काढता. म्हणाली, “आमचं माळवद गळायचं. म्हणून दरसाली पावसाच्या आधी म्याच वर चढून पांढरी माती टाकायची. पाटीवर पाटी. त्या सालीबी धा पाट्या टाकल्या. मामंजी म्हनले, सून कामाची हाय. आख्खा पावसाळा येक थेंब आला न्हाय घरात.”

मग म्हणाली, “माझी शिवप्रिया त्याच मातीखाली घावली. दोन वर्साची.”

शिवप्रिया हे नाव मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा पहाटेचे चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. हे मला शाळेपासून पाठ आहे. विचारलं, मग मला रोज साडेतीनला? म्हणाली, “तुला आतनं काढायचं कसं? नुसतं चल म्हनलं की रडायचीस. अब्यास म्हनलं की उठायचीस.”

भाषणातला तो मुद्दा काढून टाकला.

२४ डिसेंबर
काही लिहायचं नाही.

२६ डिसेंबर
मार्ग सापडला! म्हणजे हरिबा तात्यांनी सांगितला. कुंपणापलीकडून म्हणाले, “येडे, जुन्या गावाच्या जागी लाव की समद्यांची. तिथं आता पडायला काय उरलंय?”

खरंच. जुनं गावठाण इतकी वर्षं मोकळं पडलं आहे. दगड आणि बाभळी. सगळ्या गावाची पॅनेलं तिथं, तारेनं वीज इथं. एका दुपारी साध्या कागदावर सतरा सह्या. सतरा! मथुराकाकूंनी चहा दिला. बलभीमकाका स्वतः पेन शोधत माझ्या मागं आले. सगळ्यात पहिला अंगठा आत्याचा. शाई पुसायला तिनं पदर पुढं केला, पण पुसली नाही.

टार्गेट पूर्ण. उलट सात जास्त.

२९ डिसेंबर
सरांना सगळं समजावून सांगितलं. भूकंप, माळवद, टाक्या जमिनीवर का आहेत, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, मॅडम, फॉर्ममध्ये फक्त छताचा रकाना आहे.

विचारलं, मग निदान आमच्या घरावरचं उतरवता येईल का. म्हणाले, पाच वर्षं नाही. करारात आहे. करार मीच आप्पांना वाचून दाखवला होता. ते कलम गाळून. त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

३१ डिसेंबर
शेवटची संख्या: एक.

गाव यादीतून गेलं. सर म्हणाले, इतकी सपाट, इतकी रिकामी छतं, आणि तुम्हाला दहा मिळेनात? उद्यापासून ऑफिसला यायचं नाही. फाइल एसटीच्या पार्सलनं पाठवायची.

आईनं लातूरला फोन लावला. माझ्यासमोर नाही, परसात जाऊन. बोलणं फक्त तत्त्वतः असावं.

रडले नाही. सतरा सह्यांचा कागद उघडून बघत होते, त्यातली धूळ डोळ्यात गेली.

१ जानेवारी, सकाळी सात
नवा संकल्प: जुन्या गावठाणासाठी थेट मुंबईला अर्ज करायचा. सतरा सह्या जोडून. फेब्रुवारीपर्यंत निकाल लागेल असा माझा अंदाज आहे.

काल अंगणात झोपले. आत्यानं काही विचारलं नाही, गोधडीची कड उचलून धरली. पहाटे हाक मारली नाही. उजेड झाला तरी ती घोरत होती. आत्या घोरते हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

गोधडी दवानं ओली झाली होती. बोटं अजून आखडलेली आहेत, अक्षर वाकडं येतं आहे.

पण काय करणार, आत फार उकाडत होतं.