अंगठ्याला लागणारी नाडी

४ मार्च
ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग. मधे चहाला बाहेर गेलो होतो, पण मुद्दा समजला. धमनी जिथे कातडीजवळून जाते आणि खाली हाड असतं, तिथे दाबलं की हृदयाचा ठोका हाताला लागतो. मनगट, मान, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागे, पावलावर. बाकीचे दोन बोटांनी चाचपडत होते. मी सरळ अंगठा दाबला. लगेच लागली. हे मुळात अंगात असावं लागतं.

७ मार्च
रिसेप्शनवाली, ड्रायव्हर, दोन क्लार्क. सगळ्यांची नाडी एकसारखी. ऑफिसची तब्येत चांगली आहे.
साहेबांचंही मनगट धरलं आणि धरल्या धरल्या बढतीचा विषय काढला. नाडी धडधडायला लागली. चेहरा मात्र दगड. म्हणजे मनातून त्यांना द्यायची आहे.

१० मार्च
हिच्या मानेला हात लावला. म्हणाली, आधी गॅस बंद करा.
मग सासऱ्यांकडे वळलो. हृदय कमजोर, म्हणून हिवाळ्यापासून आमच्याकडेच आहेत. म्हणाले, डॉक्टर हलक्या हाताने धरतात, तुम्ही लिफ्टचं बटण दाबल्यासारखं दाबता. दुर्लक्ष केलं. नाडी ठणठणीत.

१८ मार्च
डॉक्टरांची या महिन्याची व्हिजिट रद्द केली. घरात जाणकार असताना कशाला? ही कुरकुरली. बाबांचे पाय सुजलेत म्हणे. पायावरही नाडी बघून दाखवली. उठून आत गेली. पटलं असावं.

२२ मार्च, रविवार, सकाळ
हिची मावशी आजारी आहे. ही भेटायला निघाली, पण पाय निघत नव्हता. बाबांना सकाळपासून कसंतरी होतंय म्हणाली. मी आहे ना म्हटलं. गेली एकदाची.

दुपारी १
सासरे न जेवताच झोपले. नाडी उत्तम.

दुपारी ३
हिचा फोन. बाबा कसे आहेत, लगेच निघू का? एका हातात फोन, दुसऱ्यात त्यांचं मनगट. म्हटलं, नाडी घड्याळासारखी चाललीय, निवांत ये. मग मावशीकडे जेवूनच येते म्हणाली.

दुपारी ४
हात गार लागले. पंखा बंद करून पांघरूण घातलं. नाडी दणदणीत.

संध्याकाळी ६
चहाला उठवलं, उठले नाहीत. तोंड उघडं होतं, मिटवलं. मान, कोपर, पाऊल, सगळीकडे नाडी आहे. अशी गाढ झोप मला कधी लागत नाही.

२३ मार्च
काल ही आली, बाबांच्या कपाळाला हात लावला आणि खाली बसली. डॉक्टर आले. म्हणाले, जाऊन बरेच तास झाले. मी म्हटलं, सहापर्यंत नाडी होती. त्यांनी विचारलं, कुठल्या बोटाने बघितली? अंगठा दाखवला. म्हणाले, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तुम्ही दिवसभर तुमचीच मोजत होता.
हे ट्रेनिंगमध्ये ठळकपणे सांगायला हवं होतं. लेखी तक्रार करणार.
हिने एकच विचारलं. मी फोन केला तेव्हा बाबा होते का? मी डॉक्टरांकडे बघितलं. ते खाली मान घालून बॅग आवरत होते.

३० मार्च
लोक भेटून जातात. नमस्कार लांबूनच करतात. हात कोणी पुढे करत नाही.
ही माझ्याशी बोलत नाही. दुःखामुळे असेल.

२ एप्रिल
बाबांच्या खोलीत ही आतून कडी लावून झोपते. मी दाराबाहेरून सांगितलं, आता दोन बोटांनीच बघायचं ठरवलंय, सरावाला जरा हात दे. आतला दिवा बंद झाला.
मग स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवून बसलो. बराच वेळ बसलो.
सापडली नाही.