पडद्याकडे पाठ करून

आबा, काल मी तो भाग पाहिला. आपल्या त्या इंग्रजांच्या काळातल्या इन्स्पेक्टरच्या मालिकेचा, पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग. ज्याच्या शेवटी तुम्ही रडला होतात तो. आईचे गुडघे फारच धरलेत म्हणून मी चार दिवस सोलापूरला आले आहे. तुम्ही गेल्यानंतर जन्मलेली दादाची लेक आता कॉलेजात जाते, टीव्हीवर काय काय शोधून काढते. तीच परवा म्हणाली, "आत्या, तुझी ती टांग्यातून फिरणाऱ्या इन्स्पेक्टरची मालिका आलीय की!" इतकी वर्षं मी ती जिथे तिथे शोधली आणि ती आपल्याच घरात, तुमच्या फोटोखालच्या टीव्हीवर सापडली. मला गोष्ट बघायची नव्हती. गोष्ट पाठ होती. कारखान्यात मागात सापडून बोटाचं पेर गेलं तेव्हाही "काय न्हाय, काय न्हाय" म्हणत चहा पिणारा माझा बाप त्या दिवशी काय बघून रडला, तेवढंच मला बघायचं होतं.

अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात चादरींच्या मागांपुढे उभं राहून तुमचे कान गेले. आम्हाला कळतं तेव्हापासून तुम्हाला ऐकू येत नव्हतंच. पण तिथे तसं कुणालाच ऐकू येत नाही. त्या खडखडाटात सगळे ओठांनीच बोलतात, आवाज न काढता, तोंड मोठं करून. मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही दोन रांगांपलीकडच्या माणसाशी निवांत गप्पा मारताना दिसायचात आणि मला ती जादू वाटायची. मी ती भाषा लवकर शिकले. दादाला ती कधी जमली नाही, आई तर घाईत सगळं एकदम बोलायची आणि तुम्ही वैतागायचात. त्यामुळे घरात तुमच्याशी बोलायचं खातं माझ्याकडे आलं. तुमचा स्वतःचा आवाज मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. तुम्ही गुपित सांगायला लागलात की आई आधी खिडकी लावायची.

रविवारी सकाळी ती मालिका लागायची. तुम्हाला वाटलं होतं, ओठ बघून आपल्याला सगळं कळेल. पण ती होती दुसऱ्या भाषेतली, वरून मराठी आवाज चढवलेली. "तोंडं येगळीच चालत्यात की ह्येंची," म्हणून तुम्ही टीव्हीवर चिडलात, आणि मग मला हाक मारलीत. तेव्हापासून मी टीव्हीला पाठ लावून, तुमच्याकडे तोंड करून जमिनीवर बसायची. मागून आवाज येईल तसा तो ओठांनी तुम्हाला सांगायचा. कुणी बोलत असलं की तुम्ही माझ्याकडे बघणार, बोलणं थांबलं की पडद्याकडे. कारखान्यातला नियमच तसा, बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलली की बोलणं तुटलं. म्हणजे ती मालिका मी कधी पाहिलीच नाही. मी ती तुमच्या तोंडावर पाहिली. कुठे गोळी सुटली, कुठे प्रेत सापडलं, ते मला तुमच्या भुवयांवरून कळायचं. पहिल्या दिवसापासून तुमचा संशय गिरणीमालकाच्या दिवाणजीवर. "ह्योच हाय! लई हसतंय बेणं," असं तुम्ही ओरडायचात, आणि स्वयंपाकघरात शेंगा भाजणारी आई तिथूनच म्हणायची, "हळू वो, खून आपल्याच घरात झालाय म्हनतील लोकं." तुम्हाला ते ऐकू यायचं नाही. मी सांगायची, मग तुम्ही हसायचात.

तो शेवटचा भाग लागला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलंय. माझं लग्न चार दिवसांवर आलंय, मामा मांडवावरून भांडतोय, मावश्या पापड मोजतायत. तुम्ही सगळ्यांना दटावता, "आज शेवट हाय. गप बसा समदी!" मी पाठ लावून बसते. मागे इन्स्पेक्टर बोलत राहतो, मी ओठ हलवत राहते, आणि बघता बघता तुमचे डोळे भरतात. तुम्ही ते पुसतही नाही. मी घाबरून थांबते तर हाताने खूण करता, फुडं सांग. मागे संगीत सुरू झालं तेव्हा मी विचारलं, "काय झालं, आबा?" तुम्ही म्हणालात, "लई वाईट झालं बघ त्येचं." कुणाचं, ते सांगितलं नाहीत. सायकल काढलीत आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्याकडे गेलात. मी वळून पाहिलं तर पडद्यावर नुसती नावं वर सरकत होती. मी सांगितलेल्या बोलण्यात तर कुणाचं वाईट नव्हतं, म्हणून मला वाटलं, माझ्या पाठीमागे काहीतरी दिसलं असणार. एखादी बाई, एखादं मूल, काहीतरी.

काल मी समोर बसून डोळे ताणून बघितलं. काही नाही, आबा. मालकाच्या बंगल्यात सगळे संशयित गोळा केलेत आणि इन्स्पेक्टर मधोमध उभा राहून बोलतोय. कंदील कुणी विझवला, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे होती, मालकाच्या मेहुण्याने दिवाणजीवर आळ कसा आणला. बोलतोच आहे. श्वास घ्यायला थांबत नाही. मग बेड्या, मग टांगा, मग नावं. रडावं असं त्यात काही नाही, उलट जरा कंटाळवाणंच आहे. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आणि मग माझं मलाच उमगलं. तो बोलतोय म्हणजे मी बोलत होते. मी बोलत होते म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघत होतात. त्या सगळ्या वेळात तुम्ही पडदा पाहिलेलाच नाही.

मला रडू आवरेना. भाची बावरली, पाणी आणायला गेली. आई कॉटवर पाय लांब करून बसली होती, तिने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आता कळालं व्हय? त्ये कुटं टीवी बघत हुते. तुजं तोंड बघत हुते. तू जानार म्हनून." मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "मला वाटलं, तुला ठावं हाय." थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, "फुडच्या साली त्या मालिकेचं दुसरं लागलं की. मी म्हनलं, लावू का, मी सांगते तोंडानं. तर म्हनले, नगं. पोरगी तितं बघत आसंल. आली की सांगंल समदं."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं. तिला माहीत नाही, तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते. लग्नानंतर आपलं बोलणंच संपलं होतं, आबा. चिंचवडहून मी फोन करायचे तेव्हा आई सगळं सांगायची आणि शेवटी फोन तुमच्या हातात द्यायची. तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायचे. माझं तुम्हाला ऐकू यायचं नाही, हे दोघांनाही माहीत असायचं, तरी तुम्ही मधे थांबायचात, मी बोलत असेन तेवढा वेळ. एकदा तुम्ही मोठ्याने विचारलंत, "दुसरं लागलंय म्हनं, बघतीस न्हवं?" आणि थांबलात. सासरी टीव्ही होता, रविवारची सुट्टी होती, सगळे बसून ती मालिका बघायचे. मी स्वयंपाकघरात काम काढून बसायचे. समोर तुम्ही नसताना ते नुसतं ऐकणंही मला सोसत नव्हतं. मी फोनवर "नाही, आबा" म्हणाले. तुम्ही जरा वेळ थांबून म्हणालात, "बरं, बरं. नीट ध्यानात ठेव. आल्यावर सांग मला." त्यानंतर मी आले ती तुम्हाला पोचवायलाच. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. तुम्ही माझी वाट बघत राहिलात, आणि माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.