एर्विन लोहमान यांचे कागद

१४ ऑक्टोबर २००३, मंगळवार

आज कुणीतरी जर्मन येतं का विचारलं! ओहायोतल्या या डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली, पहिल्यांदाच.

लायब्ररीत परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. (व्हॉलंटिअर. नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर पगाराचं काम चालत नाही, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं.) काउंटरवरून हाक आली. समोर साठीच्या एक बाई, हातात जाड खाकी पाकीट. मिसेस इंग्रिड टॅल्बट. शाळेत नर्स होत्या, आता रिटायर्ड. जन्म जर्मनीतला, पण चार वर्षांच्या असताना आईबरोबर ओहायोत आल्या. आईने अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं होतं. तेव्हापासून घरात जर्मन बंद – एक शब्द येत नाही!

पाकिटात त्यांच्या जन्मदात्या वडिलांचे लष्करी कागद. बर्लिनहून मागवलेल्या झेरॉक्स. एर्विन लोहमान, जर्मन हवाई दल, रात्री उडणाऱ्या लढाऊ विमानावर रेडिओ ऑपरेटर.

"मी जन्मायच्या आधीच ते गेले," म्हणाल्या. "आई एवढंच सांगायची. आई मार्चमध्ये गेली. आता विचारायला कुणी उरलं नाही."

नऊ वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं मी. पाकीट दोन्ही हातांनी घेतलं – वेडेपणाच!

१६ ऑक्टोबर

काय ते हस्ताक्षर! जुन्या वळणाचं, नुसत्या काटक्या. 'ई' कुठला आणि 'एन' कुठला कळत नाही. हे आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. लायब्ररीतून पुस्तक आणलं, एकेक अक्षर लावत बसले. चार तासांत दोन पानं.

निमिष ऑफिसमधून आला, टेबल बघून म्हणाला, "नाझींचे कागद घरात कशाला, यार?"

म्हटलं, बावीस वर्षांचा रेडिओवाला होता रे.

"ज्यांना यांनी पाडलं तेही बावीस वर्षांचेच असतील."

मी उठले. कुकर लावला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मिसेस टॅल्बटकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात कागद पसरले. त्या मला 'सावरी' म्हणतात. आसावरी जमत नाही. चालेल.

आधी समजावून सांगितलं – विमानात तिघं. पुढे पायलट, मागे एक गनर, आणि मध्ये यांचे वडील, पायलटकडे पाठ करून. डोळे रडारच्या छोट्याशा पडद्यावर. अंधारात पायलटला काही दिसत नाही. हे सांगणार – डावीकडे, अजून थोडं वर, आता समोर. मग पायलट गोळ्या झाडणार.

त्यांच्या विमानाच्या नावावर अकरा ब्रिटिश बाँबर.

"एकात माणसं किती असायची?"

"बहुतेक सात."

त्या मनात हिशेब करत होत्या, मला दिसत होतं. "सत्त्याहत्तर," म्हणाल्या. मग उठल्या आणि धुतलेलाच कप परत धुतला.

मी घाईघाईने पुढची ओळ घेतली. जून १९४४. खास रजा, नऊ दिवस. कारण – मुलीचा जन्म.

कप नळाखाली तसाच राहिला. "परत वाच." परत वाचलं. "आता जर्मनमध्ये." जर्मनमध्ये वाचलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, ठेवूनच बसल्या. "म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं?"

"नऊ दिवस."

"मग आई का म्हणायची..." थांबल्या. "आईला तारखा कधीच लक्षात राहायच्या नाहीत."

२५ ऑक्टोबर

दिवाळी. मिसेस टॅल्बटना चकल्या नेऊन दिल्या. तिखट लागल्या, तरी चार खाल्ल्या!

४ नोव्हेंबर, मंगळवार

मी आज चुकीचं वागले. इथे तरी खरं लिहिते.

शेवटचं पान. फेब्रुवारी १९४५ – उतरताना विमानाने पेट घेतला. पायलट आणि गनर ठार. लोहमान वाचला. चेहरा आणि दोन्ही हात भाजले. लष्करी इस्पितळ. हे सगळं वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, नर्ससारख्या – किती टक्के भाजलं, लिहिलंय का, वगैरे.

खाली पेन्सिलीची एक ओळ होती. घरीच लावून ठेवली होती मी, चारदा तपासून. ऑगस्ट १९४६, ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटका. जाणार त्या ठिकाणचा पत्ता – कासेलजवळचं ते गाव. तेच गाव, तीच गल्ली, जे यांच्या जन्मदाखल्यावर आहे. यांच्या आईचं घर.

म्हणजे तो मेला नाही. तो घरी आला!

"मग तिथेच गेले का ते? इस्पितळात?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणाले, "कागद इथेच संपतो."

त्यांनी माझा हात दाबला. थँक यू म्हणाल्या. गाडीत येऊन बसले तर किल्ली लागेना.

९ नोव्हेंबर

निमिषला सांगितलं. वाटलं, म्हणेल बरं केलंस. आठच महिने झालेत त्यांची आई जाऊन, आता तिलाच खोटं ठरवायचं?

त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "त्यांना झेपेल की नाही, हे तू कोण ठरवणार?"

जेवले नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लायब्ररीला सुट्टी. सकाळीच त्यांच्या घरी गेले. ओळ वाचली. आधी का वाचली नाही तेही सांगितलं.

ओरडल्या नाहीत. चष्मा काढला, घडी करून ठेवला. "माझ्या आईने पन्नास वर्षं माझ्यासाठी ठरवलं, मला काय कळू द्यायचं. तुझी ओळख होऊन आठवडा नाही झाला आणि तूही तेच केलंस; विश्वासाने कागद दिले होते मी."

आठवडा नाही, चार आठवडे – काहीतरीच डोक्यात आलं माझ्या. दार त्यांनीच उघडून धरलं.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. निमिषच्या टीमलीडकडे जेवायला. मिसेस टॅल्बटचा फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने?

९ डिसेंबर, मंगळवार

आल्या! लायब्ररीत, सरळ माझ्या रॅकपाशी. कोटावर बर्फ तसाच. हातात पाकीट. त्यांनी त्या गावाच्या नगरपालिकेला इंग्रजीत पत्र टाकलं होतं, उत्तर जर्मनमध्ये.

"सगळं वाच," एवढंच म्हणाल्या.

तिथेच उभ्याने वाचलं. एर्विन लोहमान, वय एक्याऐंशी. पुन्हा लग्न नाही. सध्या मुक्काम वृद्धाश्रमात. फोन नंबर सोबत.

मी खाली जमिनीवरच बसले. त्याही शेजारी बसल्या, कोटासकट. काउंटरवरच्या बाई बघत राहिल्या.

१० जानेवारी २००४, शनिवार

सकाळी दहाला फोन लावला, तिथे दुपारचे चार. स्पीकर चालू. त्या जे 'मी' म्हणून बोलतील ते मीही 'मी' म्हणूनच जर्मनमध्ये सांगायचं, वडिलांचं तसंच इंग्रजीत. असं काम आयुष्यात केलं नाही.

पलीकडे खोकला. मग "इंगे?"

हे भाषांतर करावं लागलं नाही.

मग ते बोलत गेले आणि मी म्हणत गेले – "मी ऑगस्टमध्ये घरी आलो. एक कान नव्हता, पापण्या नव्हत्या. तू मला बघून किंचाळलीस."

"मी दोन वर्षांची होते," मिसेस टॅल्बट म्हणाल्या. ते मी तिकडे सांगितलं.

"माहीत आहे. मी दुसरीकडे राहायला गेलो, दर रविवारी यायचो. तू पलंगाखाली जायचीस. मग तो अमेरिकन यायला लागला. त्याने तुला संत्रं दिलं. तू त्याच्या मांडीवर बसून खाल्लंस. मी खिडकीतून बघितलं."

मी मध्येच पाण्याचा ग्लास घेतला. दोघंही माझ्यासाठी थांबले.

मिसेस टॅल्बटनी त्या सत्त्याहत्तर माणसांचं विचारलं. मला वाटलं ते फोन ठेवतील. म्हणाले, "मी फक्त डावीकडे, उजवीकडे सांगायचो. बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत होतो. मग सांगणं सोडून दिलं."

शेवटी – "आई म्हणायची तुम्ही मेलात. तिने असं का केलं?"

मी विचारलं. पलीकडून नुसता श्वास. मग तिथली नर्स फोनवर आली – दमलेत, पत्र पाठवतील.

मिसेस टॅल्बट स्पीकर बंद करून म्हणाल्या, "बापाला भेटायला मी जाईन. आईला मात्र माफी नाही."

२९ जानेवारी, गुरुवार

पत्र आलं. नर्सने लिहिलेलं, सही तेवढी त्यांची, वाकडीतिकडी. आधी न वाचता मोठ्यानेच वाचत गेले.

"खोटं माझं आहे. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना मीच अट घातली – पोरीला सांग, बाप मेला. म्हणजे ती वाट बघणार नाही. तुझी आई नको म्हणत होती. रडली. मी ऐकलं नाही. तिने शब्द पाळला."

मिसेस टॅल्बटनी कोट चढवला. "चल सावरी. आईकडे जाऊ."

कबरीवर वीतभर बर्फ. त्यांनी हातमोजे काढले आणि नुसत्या हातांनी दगडावरचं नाव मोकळं करायला बसल्या.