बोटीला हात लावून सांगा

अण्णा, तुमच्यावर रागवायचं नाही असं ठरवून बसले होते, पण माझा जीव अजून जळतो. बेंगळुरूत समुद्र नाही, तरी किनाऱ्यावरच्या बोटींचे धोक्याचे संकेत उपग्रहामार्फत आपल्याच ऑफिसात उतरतात. त्यातला खरा कुठला, खोटा कुठला, हे तुम्ही मला, पोटच्या पोरीला, कधी शिकवलं नाहीत. कारवारच्या बंदरावर बोटींवरची संकेतयंत्रं तपासायला नेलंत ते तुमच्या लाडक्या शिष्याला. परत आलात की बसवनगुडीच्या स्वयंपाकघरात आईपुढे त्याचंच कौतुक. मी तिथेच कॉफी गाळत उभी असायचे आणि तुम्हाला दिसायचे नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक संकेत आला. मी बोटीच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला बोट धक्क्याला आहे, आणि मी 'खोटा इशारा' लिहून मोकळी झाले. तुम्ही सगळ्यांदेखत कडाडलात, "मालक घरी बसलाय, त्याला काय दिसतंय? स्वल्प डोकं चालव!" बोट खरंच धक्क्यालाच असल्याचं निघालं, तरी तुम्ही शब्द मागे घेतला नाहीत. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर तुमची खुर्चीही त्या लाडक्यालाच मिळाली. आता मला त्यांना सर म्हणावं लागतं.

गेल्या महिन्यात भर दुपारी संकेत आला. मालक म्हणाला, "बोट धक्क्यालाच आहे, अक्का." मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, मग तिथं जा, बोटीला हात लावा आणि तिथूनच फोन करा." थोड्या वेळानं तो रडतच बोलला. धक्का रिकामा होता. भाऊ न सांगता बोट घेऊन गेला होता. तटरक्षकांनी उलटलेल्या बोटीला धरून राहिलेल्या तिघांना वर काढलं.

ऑफिसात मैसूरपाक आला. एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे हात लावायला सांगायचं कुणी शिकवलं?" मी ताठ मानेनं म्हटलं, "माझ्या वडिलांनी." अण्णा, तुम्ही नाही शिकवलंत. तुम्ही ओरडून निघून गेलात, तेव्हा तुमच्या त्या लाडक्या शिष्यानं, आताच्या सरांनीच, शेजारी खुर्ची ओढून, मला जराही न हिणवता, हे समजावलं होतं. ते समोरच होते. "हो, अण्णांचीच पद्धत," एवढंच म्हणाले. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. ते माझ्यापासून चार पावलांवर बसतात, म्हणून तुम्हाला लिहितेय.